ढाक्याचे युद्ध, मुलचेऱ्याचे रान

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१६ डिसेंबर १९७१ ही तारीख आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार कैदी ताब्यात आले आणि बांगलादेश नावाचे राष्ट्र जन्माला आले. तेरा दिवसांचे युद्ध आणि निर्विवाद विजय. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा इथे संपतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तो अजून संपलेला नाही.

गोंडपिपरीकडून वैनगंगा ओलांडून आष्टीला या आणि तिथून मुलचेऱ्याच्या वाटेला लागा. साग, मोह, तेंदू, गोंडांची गावे, आणि मध्येच विवेकानंदपूर, सुंदरनगर अशा नावांच्या पाट्या. अंगणात तुळस आणि केळी, घरामागे मासळीची बोडी, ओट्यावर बसलेल्या म्हातारीच्या तोंडी खुलना-बारिसालकडची बंगाली. पद्मा आणि मेघना नद्यांच्या काठची भाषा आपल्या सागाच्या जंगलात कशी आली? या प्रश्नाचा माग काढत गेले की माणूस थेट त्या युद्धाच्या मुळाशी पोहोचतो.

एखादा देश दुसऱ्याच्या घरातल्या युद्धात का उतरतो, आणि उतरल्यावर त्या युद्धाचे काय काय त्याच्या घरात राहून जाते, एवढेच मला आज सांगायचे आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. माझा जन्म १९७२ चा, म्हणजे युद्ध संपले आणि महाराष्ट्रात दुष्काळ पडला त्या सालचा. त्यामुळे हे युद्ध मी पाहिलेले नाही. पण त्याच्या सावलीत वाढलेल्या माणसांत मी वाढलो.

युद्धाची कारणे सांगताना बहुतेक लोक १९७१ च्या मार्चपासून सुरुवात करतात. मी भाषेपासून करतो. १९४७ साली पाकिस्तान झाले ते दोन तुकड्यांचे. मध्ये सुमारे दीड हजार किलोमीटर भारत. लोकसंख्या पूर्वेकडे जास्त, सत्ता पश्चिमेकडे. २१ मार्च १९४८ रोजी ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर महंमद अली जिना यांनी जाहीर केले की पाकिस्तानची राजभाषा उर्दूच असेल, दुसरी कोणतीही नाही. त्या वेळी साऱ्या पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोकांची भाषा बंगाली होती. उर्दू ज्यांची मातृभाषा होती ते शंभरात दहाही नव्हते. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाका विद्यापीठाच्या परिसरात बंगालीसाठी मोर्चा काढणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बरकत, जब्बार, रफिक, सलाम ही त्यात गेलेल्यांची नावे. पुढे १९५६ च्या पाकिस्तानी घटनेत बंगालीला राजभाषेचे स्थान मिळाले, पण तोवर मनात गाठ बसली होती. १९६७ साली पाकिस्तान सरकारने रेडिओवरून रवींद्रनाथ ठाकुरांच्या गीतांवर बंधने आणली, तेव्हा ती गाठ आणखी घट्ट झाली. चारच वर्षांनी त्याच रवींद्रनाथांचे गीत एका नव्या देशाचे राष्ट्रगीत झाले.

ही हकिगत मला जवळची वाटते त्याला कारण आहे. आमच्या घरात हिंदुस्थानी बोलतात, दखनी वळणाची. अम्मी उर्दू वाचायची. उंबऱ्याबाहेर पडलो की मी मराठीत जगलो आणि कविता आली तीही मराठीतच. 'मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?' हा प्रश्न मला दोन्हीकडच्यांनी विचारला आहे. एका बाजूला त्यात कौतुक असते, दुसऱ्या बाजूला नाराजी. दोघांच्याही मनात एकच समज असतो की धर्माबरोबर भाषाही वाटून दिलेली असते. ढाक्याला रस्त्यावर पडलेली ती पोरे मुसलमान होती आणि बंगालीसाठी पडली होती. धर्म एक असला म्हणजे राष्ट्र एक होतेच असे नाही, हे त्यांनी १९५२ साली सांगितले. जगाला ते पटायला १९७१ उजाडावे लागले.

भाषेच्या जोडीला पोटाचा प्रश्न होता. पाकिस्तानला परकीय चलन मिळवून देणारे मोठे पीक म्हणजे पूर्वेचा ताग. त्या पैशाचा मोठा वाटा पश्चिमेकडे खर्च होतो, सैन्यात आणि सरकारी नोकऱ्यांत बंगाली माणूस नावापुरता आहे, ही तिथली जुनी तक्रार. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री चक्रीवादळाने किनाऱ्यावरची लाखो माणसे ओढून नेली आणि मदत पोहोचवण्यात सरकारने दिरंगाई केली. महिन्याभरात निवडणूक झाली. पूर्वेकडच्या १६२ जागांपैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. राष्ट्रीय सभेच्या ३०० जागांत हे उघड बहुमत होते. म्हणजे पंतप्रधान बंगाली होणार. याह्याखानांच्या लष्करी राजवटीला आणि पश्चिमेत जिंकलेल्या भुट्टोंना ते पचले नाही. सभेची बैठक लांबणीवर पडली. ७ मार्च १९७१ रोजी मुजीब त्याच रमणा मैदानावर लाखोंच्या समोर उभे राहिले. २५ मार्चच्या रात्री लष्कराने ढाक्यावर हल्ला चढवला. विद्यापीठाची वसतिगृहे, पोलिसांच्या बराकी, हिंदूंच्या वस्त्या यांवर तोफा आणि मशिनगन चालल्या. मुजीब पकडले गेले. पुढच्या नऊ महिन्यांत किती माणसे मारली गेली? बांगलादेश सरकार तीस लाख सांगते, काही अभ्यासक तो आकडा बराच कमी धरतात. कमीत कमी आकडा धरला तरी छाती दडपते.

आता भारताकडे येऊ. ३१ मार्च १९७१ रोजी आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला. पण ठराव म्हणजे युद्ध नव्हे. युद्धाकडे ढकलले ते सीमेवरून येणाऱ्या माणसांनी. डिसेंबरपर्यंत त्यांची संख्या सुमारे ९९ लाख झाली. एकट्या पश्चिम बंगालात ७० लाखांहून जास्त. त्रिपुरा राज्याची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख, आणि तिथे आलेले निर्वासित १४ लाख! येणाऱ्यांत बहुसंख्य हिंदू होते, पण मुसलमानही लाखांनी होते.

या माणसांना पाहून कळवळा येणे स्वाभाविक होते आणि तो खरा होता. पण राज्ये निव्वळ कळवळ्यावर युद्ध करत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पाकिस्तानचे दोन तुकडे होणे भारताच्या हिताचे होते आणि दिल्लीत हे सर्वांना दिसत होते. मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रे भारताने दिली. सेनाप्रमुख माणेकशा यांनी उन्हाळ्यात घाई करायला नकार दिला. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या होतात आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद झाल्या की चीनला हात घालणे अवघड जाते, हा त्यांचा हिशेब होता. अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी होती, म्हणून ९ ऑगस्टला रशियाशी मैत्रीचा करार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी युरोप-अमेरिकेच्या राजधान्या फिरून आल्या. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध जाहीर झाले. पण सीमेवर २१ नोव्हेंबरपासूनच आपले सैन्य लढत होते. करुणा आणि हिशेब या दोन बैलांनी ही गाडी ओढली. त्यातला एकच बैल दाखवणारा इतिहास, मग तो कौतुकाचा असो की टीकेचा, अर्धा असतो.

या युद्धात मराठी माणूस कुठे होता? अगदी आघाडीवर होता. उत्तरेकडून ढाक्याच्या वाटेवर जमालपूर हे पाकिस्तानी फौजेचे मजबूत ठाणे. त्याच्या मागची वाट अडवून बसली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण. आपल्या ब्रिगेडियरने शत्रूच्या कर्नलला शरण येण्याचे पत्र पाठवले. उलट टपाली उत्तर आले, त्यात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री त्या फौजेने फळी फोडून निघायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांनी तो हाणून पाडला. दुसऱ्याच दिवशी टांगाईलला आकाशातून छत्रीधारी सैनिक उतरले, ती पॅरा रेजिमेंटची दुसरी पलटण. ही मूळची मराठा पलटणच, पुढे छत्रीधारी झालेली. १६ तारखेला ढाक्यात पहिले पाऊल पडले ते याच पलटणीचे. दुपारी साडेचारच्या सुमारास रमणा मैदानावर जनरल नियाझींनी जनरल अरोरांसमोर शरणागतीच्या कागदावर सही केली. १९४८ चे ते वाक्य, १९७१ च्या मार्चमधले ते भाषण आणि ही सही, तिन्ही एकाच मैदानावर. दोन्ही आघाड्या मिळून आपले साडेतीन हजारांहून अधिक जवान गेले. ज्यांच्या घरी तार आली त्यांचे युद्ध तेरा दिवसांचे नव्हते, ते जन्मभराचे होते.

बाकीच्यांना युद्धाची किंमत पाच-पाच पैशांनी मोजावी लागली. अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत १९७२ मधली काही पाकिटे अजून आहेत. प्रत्येकावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे एक जादा तिकीट. काहींवर कुटुंब नियोजनाचे चित्र आणि त्यावर 'निर्वासित साहाय्य' अशा अर्थाचा ठसा, काहींवर निर्वासितांचेच चित्र. १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेरपर्यंत टपालावर हा कर होता. सिरोंच्याला बहिणीची खुशाली विचारायची तरी पाच पैसे बांगलादेशच्या माणसासाठी द्यायचे. अब्बा लाकडाच्या डेपोत मुकादम होते आणि पाच पैशांना त्या काळी किंमत होती. १९७२ चा दुष्काळ आला, महागाई वाढली, तरी या तिकिटाबद्दल कुरकुर केल्याचे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. लाखो गरीब घरांनी असे पाच-पाच पैसे दिले. या युद्धाच्या विजयात त्यांचाही वाटा आहे, आणि तो कोणत्याही स्मारकावर कोरलेला नाही.

आता आपल्या रानाकडे वळू. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतली बंगाली माणसे १९७१ मध्ये आली असे पुष्कळांना वाटते. खरे तर त्यांतले बहुतेक त्याआधी आले. त्यांची गोष्ट सुरू होते ती श्रीनगरपासून. डिसेंबर १९६३ च्या अखेरीस हजरतबल दर्ग्यातून पैगंबरसाहेबांचा पवित्र केस चोरीला गेला. काही दिवसांत तो सापडलाही. पण तोवर दूर खुलन्यात आणि मग ढाक्यात हिंदूंवर हल्ले सुरू झाले होते. त्याचा सूड म्हणून जानेवारीत कलकत्त्यात मुसलमान मारले गेले. पूर्व बंगालातून निघालेल्या हिंदू निर्वासितांना आगगाड्यांत बसवून रायपूरजवळच्या माना छावणीकडे आणले जात होते. वाटेत स्टेशनांवर त्यांनी सांगितलेल्या कहाण्या पसरल्या आणि मार्च १९६४ मध्ये जमशेदपूर, राउरकेला इथे पुन्हा मुसलमानांची घरे पेटली. काश्मीरमधल्या एका चोरीसाठी खुलन्याचा नमःशूद्र शेतकरी देशोधडीला लागला आणि राउरकेल्याचा मुसलमान कामगार मेला. दोघांचाही त्या चोरीशी काडीचा संबंध नव्हता.

मानाच्या छावणीतून ही कुटुंबे वेगवेगळ्या ठिकाणी पाठवली गेली. ओडिशा आणि बस्तरमध्ये दंडकारण्य प्रकल्प १९५८ पासून होताच. महाराष्ट्रात चांदा आणि भंडारा जिल्ह्यांच्या जंगलात त्यांच्यासाठी जागा काढण्यात आली. पाण्याच्या देशातली ही माणसे. होडीने शाळेत आणि होडीने बाजारात जाणारी. त्यांना इथे उतरवले तेव्हा चहूकडे साग होता. मुलचेऱ्याकडच्या एका गावात साहित्याच्या कार्यक्रमाला गेलो असताना एक वृद्ध दादू मला म्हणाले, "पहिल्या रात्री आमची आई विचारत होती, नदी कुठे आहे? आम्ही म्हणालो, सकाळी दाखवतो. सकाळी दाखवायला नदी नव्हती."

त्यांनी मग नदीऐवजी बोड्या खोदल्या, मासे सोडले, जंगल साफ केलेल्या जमिनीत बांध्या पाडून धान रोवला. हरिचाँद ठाकुरांचे भजन आणि दुर्गापूजा आणली. रात्रभर चालणारी त्यांची जत्रा-नाटके आणि रात्रभर चालणारी आपली झाडीपट्टीची नाटके यांची इथे गाठ पडली. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी झाडीपट्टीची मराठी आपल्याइतकीच सफाईने बोलते.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती गोंड माणसाच्या तोंडून ऐकावी. ज्या रानात ही गावे वसली ते रान रिकामे नव्हते. तिथे मोह वेचला जात होता, तेंदूपत्ता तोडला जात होता, देव होते, पुरखे होते. त्याच भागातल्या एका म्हाताऱ्या गोंड दादांनी मला सांगितले, "त्यांचं घर गेलं हे खरं हाय बाबू. पण सरकारनं त्यांना जागा देल्ली ती आमाले इचारून देल्ली काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जंगलावरचा हक्क आदिवासींना कायद्याने मिळायला २००६ साल यावे लागले आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला आपल्या सामूहिक वनाचा हक्क मिळाला तो २००९ मध्ये. दूरच्या दंग्याची, दूरच्या फाळणीची किंमत अशी फिरत फिरत ज्याचे नाव हिशेबात कुठेच नाही त्याच्या दारात येते.

आता १९७१ आणि ही गावे यांचा संबंध. युद्धात आलेल्या ९९ लाख लोकांपैकी काही माना छावणीतही ठेवले गेले. पण सरकारचे धोरण स्पष्ट होते. २५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांनी परत जायचे. बहुतेक १९७२ च्या वसंतापर्यंत परत गेलेही. इतिहासात इतकी मोठी माघारी क्वचित झाली असेल. पण त्या तारखेने माणसांच्या मध्ये एक रेघ ओढली. १९६४ ला आलेला भाऊ इथला आणि १९७१ ला आलेला भाऊ तिथला. ज्यांना परत जायचे नव्हते, जाण्यासारखे काही उरले नव्हते, ते आडवाटेने राहिले किंवा पुन्हा आले. दंडकारण्यात जीव न रमलेले हजारो निर्वासित १९७८ मध्ये बंगालकडे परत निघाले आणि सुंदरबनातल्या मरिचझाँपी बेटावर जाऊन वसले. मे १९७९ मध्ये तिथल्या सरकारने पोलिसांकरवी त्यांना हुसकावून लावले. त्यात किती मेले यावर अजून वाद आहे. ते बंगालीच होते, सरकारही बंगाली होते. भाषा एक असली म्हणजे माया असतेच असेही नाही, हा धडा आपण फारसा वाचत नाही.

मुलचेऱ्याच्या बंगाल्यांचे प्रश्न आजही त्या रेघेशी बांधलेले आहेत. त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र. पश्चिम बंगालात ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे एकाच आजोबाची दोन नातवंडे, एक नदियात आणि एक गडचिरोलीत, तर एकाला सवलत आहे आणि दुसऱ्याला नाही. मिळालेल्या जमिनीवर पूर्ण मालकीचा हक्क द्यावा ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी. मुलांनी बंगाली शिकावी की नाही, शिकली तर कुठे, हाही प्रश्न. ज्या भाषेसाठी त्यांच्या मूळ देशात रक्त सांडले, ती त्यांच्या घरात आज आजीपुरती उरली आहे.

मित्रहो, युद्ध जिंकल्यावर जिंकलेल्यांच्या हातूनही अन्याय होतो. बांगलादेशात राहणारे उर्दू बोलणारे मुसलमान, ज्यांना तिथे बिहारी म्हणतात, फाळणीत बिहारमधून तिकडे गेलेले. त्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी लष्कराची साथ केली. युद्धानंतर त्याची शिक्षा सगळ्यांना झाली. ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. पाकिस्तानने त्यातले थोडेच स्वीकारले. तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांना बांगलादेशचे नागरिक मानले ते २००८ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी. उर्दू वाचणाऱ्या आईचा मी मुलगा आहे, आणि बंगालीसाठी मेलेल्या पोरांचा मला अभिमान वाटतो. हे दोन्ही मी एकाच वेळी सांभाळतो. जी भाषा एका वर्षी छळ करणाऱ्यांची असते, ती दुसऱ्या वर्षी छळ सोसणाऱ्यांची होते. दोष भाषेचा कधीच नसतो.

कवी असल्यामुळे मला शब्दांचा माग काढायची सवय आहे. 'बांगलादेशी' हा शब्द घ्या. १९७१ साली आपल्याकडे हा शब्द आदराने उच्चारला जात होता. त्यांच्यासाठी लोक वर्गणी काढत होते, कपडे गोळा करत होते. पुढे आसामात १९७९ पासून परकीयांविरुद्ध आंदोलन झाले, १५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला आणि त्यात पुन्हा तीच तारीख आली, २५ मार्च १९७१. हळूहळू हा शब्द आरोप झाला, आज शिवी झाला आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने बांगलादेश, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून २०१४ च्या अखेरीपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. त्या सहांत मुसलमान नाहीत. मुलचेऱ्याच्या काही कुटुंबांना त्या कायद्याने दिलासा वाटला असेल, आणि तो वाटला तर मला आनंदच आहे. माणसाच्या पायाखाली जमीन असावी. पण ज्या युद्धाने धर्मावर राष्ट्र उभे राहत नाही हे दाखवून दिले, त्याच युद्धाचे लेकरू असलेला प्रश्न सोडवताना आपण पुन्हा धर्माची फूटपट्टी हातात घेतली, ही गोष्ट मनाला लागते.

संशय मात्र धर्म पाहून थांबत नाही. मुलचेऱ्याकडचा एक तरुण मोठ्या शहरात बांधकामावर मिस्त्री आहे. बोलण्यात बंगाली हेल ऐकून त्याला कागद मागितले गेले. त्याने दाखवला तो शाळा सोडल्याचा दाखला, गडचिरोली जिल्ह्यातला, मराठीत छापलेला. मला सांगताना तो हसत होता. "काका, मी त्यांना म्हटलं, मला मराठी कविता पाठ आहेत, म्हणून दाखवू का?" त्याचे हसू मला फार वेळ पुरले नाही.

पलीकडच्या देशातही ते युद्ध संपलेले नाही. ज्या मुजीबांनी देश मिळवून दिला त्यांना १५ ऑगस्ट १९७५ ला त्यांच्याच लष्करातल्या अधिकाऱ्यांनी कुटुंबासह मारले. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना सरकारी नोकऱ्यांत असलेला तीस टक्के वाटा जून २०२४ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा लागू झाला आणि त्यावरून विद्यार्थी रस्त्यावर आले. शेकडो मारले गेले. ५ ऑगस्टला मुजीबांच्या कन्या शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जमावाने मुजीबांचे धानमंडीतले घर पाडले. युद्धात लढलेल्यांच्या नातवंडांना किती मिळावे, या हिशेबातून ५३ वर्षांनी एक सरकार गेले. युद्धाचा विजय वारसाहक्काने वाटायला घेतला की त्याची भाऊबंदकी होते.

मग भारताने त्या युद्धात पडायला नको होते का? मला तसे वाटत नाही. एक कोटी माणसे दारात उभी असताना आणि पलीकडे कत्तल चालू असताना हात बांधून बसणे हेही एक कृत्यच ठरले असते, आणि त्याचीही किंमत मोजावी लागली असती. पण युद्ध जे मिळवून देते ते लवकर मोजता येते, कैदी, प्रदेश, शरणागतीचा कागद. ते जे मागे ठेवते ते मोजायला पिढ्या लागतात. काश्मीरच्या रेषेचे नाव बदलले, १९७२ चा सिमला करार झाला, पराभवाच्या जखमेतून पाकिस्तानने अणुबॉम्बचा ध्यास घेतला, १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला. हे सगळे अभ्यासक मोजतात. मुलचेऱ्याच्या म्हातारीची नदी, गोंड दादांचे रान आणि त्या मिस्त्री पोराचा दाखला यांची मोजदाद आपण करायची आहे, कारण ती आपल्या जिल्ह्यात आहेत.

आपल्या भद्रावतीजवळ दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, १९६२ च्या चीनयुद्धाच्या धक्क्यानंतर उभा राहिलेला. त्याचे दप्तर असेल, नोंदी असतील. युद्धाने आणि फाळणीने आणून टाकलेल्या माणसांचे दप्तर मात्र कुणी लिहिलेले नाही. १९६४ मध्ये जे वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची जागा ज्यांनी सोडली ते गोंडही त्याच वयाचे. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही. आपल्या महाविद्यालयांतल्या पोरांनी सुट्टीत एकेका गावी जावे, दोघांचेही ऐकावे, लिहून घ्यावे, एवढे काम अवघड नाही. त्याला सरकारी योजना लागत नाही. वही लागते आणि ऐकण्याचा धीर लागतो.

आणखी एक सुचवतो. ढाक्याच्या त्या पोरांच्या आठवणीत २१ फेब्रुवारी हा दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केला. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारीला. अंतर फक्त सहा दिवसांचे. गडचिरोलीच्या शाळांत आणि वाचनालयांत हे सात दिवस सलग साजरे व्हावेत. पहिल्या दिवशी बंगाली म्हातारीने गोष्ट सांगावी, मग गोंडी आणि माडियाचा दिवस असावा, एक दिवस आमच्या घरातल्या हिंदुस्थानीलाही द्यावा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मराठीचा दिवस करावा. मला बोलावले तर मी येईन. मानधन नको. जेवणात मुलचेऱ्याच्या बोडीतली मासळी असली की झाले.